साडेतीन टन ओढेल, पण किती वर्षं?

मेस्त्रींनी इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा जोड, सोडवून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, करंगळी घालून बघा." करंगळी जाईना. नवा असताना त्याच भोकात दोन बोटं आरामात जातात. आतल्या भिंतीवर डांबरासारखा थर जमला होता. वरून मऊ, खाली कडक, आणि बोटाला लागला की साबणानेही निघत नाही असा. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातली काजळी थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या इजीआर व्हॉल्व्हने परत आत आणलेली आणि क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पेटीच्या, नळीतून आलेली तेलाची वाफ तिला चिकटलेली. गाडी एक लाख तीस हजार किलोमीटर चालली होती. त्यातलं निम्म्याहून जास्त अंतर मागे ट्रेलर, आणि ट्रेलरवर छोटा एक्स्कॅव्हेटर. माझी तक्रार एवढीच होती की हल्ली चढावर गाडीचा दम टिकत नाही. इंजिन बांधायला लागणार या भीतीने मी गेलो होतो. मेस्त्रींनी कॅमेऱ्याची बारीक नळी आत सोडली तर सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात घासून उमटवलेल्या, तिरक्या रेघा अजून दिसत होत्या. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं. "लोखंड झकास आहे," ते म्हणाले, "श्वास कोंडलाय."

हे एक वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, कारण आजच्या डिझेल फोर बाय फोरच्या टिकाऊपणाबद्दलचा सगळा वाद त्यात आहे.

हा वाद नेहमी एकाच वळणाने जातो. एक जण म्हणतो, जुनी इंजिनं पाच-पाच लाख किलोमीटर जायची, आताच्या गाड्यांत नुसते सेन्सर. दुसरा म्हणतो, आताचं इंजिन आकाराने अर्धं आणि ताकदीने दुप्पट, जुनं कवटाळून काय बसलात. दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे. जुन्यांपैकी ज्या टिकल्या त्याच आज रस्त्यावर दिसतात. हेड तडकून, बेअरिंग धरून भंगारात गेलेल्या कुणाला आठवत नाहीत. आणि नव्यांची धातुविद्या, तेलं, फिल्टर खरोखरच सरस आहेत. मला खटकतं ते वेगळं. ओढण्याच्या क्षमतेचा आकडा जाहिरातीत असतो, माहितीपत्रकात असतो, वाहनाच्या कागदपत्रांत असतो. तेवढं वजन ओढत राहिल्यावर गाडी किती टिकेल, हे मात्र कुठेही लिहिलेलं नसतं. घेणारा पहिला आकडा वाचतो आणि त्यातच दुसऱ्याचं उत्तर मिळालं असं समजतो. मीही तसंच समजलो होतो. हा दुसरा आकडा जाहीर करणं उत्पादकांवर कायद्याने बंधनकारक व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, हे सांगायला थोडा हिशेब मांडावा लागेल.

गाडी आणि ट्रेलर मिळून सहा टन धरू. आजच्या डबल कॅब पिकअपला साडेतीन टन ओढण्याची परवानगी असते, तेव्हा सहा टन म्हणजे काही अतिरेक नव्हे. चढ सहा टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर सहा मीटर वर. वेग ताशी ऐंशी. नुसतं एवढं वजन त्या वेगाने वर उचलायला ७८ किलोवॅट लागतात. टायरांच्या घर्षणाला पंधराएक, ट्रेलरच्या चौकोनी तोंडावर आपटणाऱ्या हवेला पंचवीसेक. चाकांपाशी १२० किलोवॅटच्या आसपास झाले. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलमधली गळती धरली तर इंजिनाला १३५ ते १४० किलोवॅट द्यावे लागतात. याच वर्गातल्या एका लोकप्रिय २.८ लिटर इंजिनाची कमाल ताकद १५० किलोवॅट आहे. म्हणजे चढ संपेपर्यंत इंजिन जवळजवळ शेवटच्या टोकाला चालतं. तीच गाडी रिकामी, सपाट रस्त्यावर, त्याच वेगाने जाते तेव्हा तिला पंधरा-सोळा किलोवॅट पुरतात. दोन्ही वेळा मीटरवर ऐंशीच दिसतात आणि ओडोमीटरवर एकच किलोमीटर पडतो. काम मात्र आठ-नऊ पट झालेलं असतं.

उष्णतेचंही तसंच. डिझेल इंजिन इंधनातली साधारण चाळीस टक्के ऊर्जा कामात आणतं. १४० किलोवॅट द्यायचे तर ३५० किलोवॅट इतकं डिझेल जाळावं लागतं आणि उरलेले दोनशेहून जास्त किलोवॅट कुठेतरी काढून टाकावे लागतात. काही सायलेन्सरमधून जातात, उरलेले रेडिएटर, ऑइल कूलर आणि इंटरकूलरच्या वाट्याला येतात. घरातला मोठा हीटर दोन किलोवॅटचा असतो. तसे चाळीसेक हीटर रेडिएटरच्या जाळीमागे एकदम लावलेत अशी कल्पना करा, म्हणजे चढावर पंख्याचा आवाज का बदलतो ते कळेल.

आता हीच गाडी ताशी पंचावन्नवर आणा. इंजिनाकडून लागणारी ताकद ८५ किलोवॅटच्या खाली येते, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपास कपात. जुन्या इंजिनांच्या दीर्घायुष्याचं निम्मं रहस्य या हिशेबात आहे, असं मला वाटतं. टोयोटाचं १९९० मध्ये आलेलं १एचझेड घ्या: ४.२ लिटर, सहा सिलिंडर, टर्बो नाही, २२ च्या वर कॉम्प्रेशन रेशो, ताकद सुमारे ९६ किलोवॅट, टॉर्क २८५ न्यूटन मीटर. आमच्या त्या चढावर ते फार तर साठीच्या आसपास चढेल. चालकाने कितीही पाय दाबला तरी त्याहून वेगात जाणार नाही. मागे गाड्यांची रांग लागेल, हॉर्न वाजतील, पण इंजिनाला त्याच्या ऐपतीबाहेरचं काम सांगताच येणार नाही. एका लिटरमागे २३ किलोवॅट एवढाच त्याचा ताण. आजचं २.८ लिटर इंजिन लिटरमागे ५४ किलोवॅट देतं आणि दोन टर्बो लावलेली दोन लिटरची इंजिनं पंचाहत्तरच्या पुढे जातात. नवं इंजिन चालकाला नाही म्हणत नाही. सहा टन घेऊन ऐंशीने चढ म्हटलं की ते चढतं, आणि त्याची किंमत टर्बोच्या बेअरिंगने, पिस्टनच्या माथ्याने, हेड गॅस्केटने आणि गिअरबॉक्सच्या तेलाने हळूहळू चुकती होते. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा बऱ्याच गाड्यांत मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो. पाणी ऐंशीवर असो की शंभरवर, काटा जागचा हलत नाही. तो हलेपर्यंत सांगण्यासारखं बरंच काही होऊन गेलेलं असतं.

मी जुन्यांच्या बाजूचा आहे असं कुणी समजू नये. इजीआर, धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आणि धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाची टाकी काढून फेका, गाडी आपोआप टिकाऊ होईल, असं सांगणारे खूप भेटतात आणि पैसे घेऊन ते काम करून देणारेही. मला हे मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकला. फुफ्फुसाच्या कर्करोगाचा पुरावा त्यांना पुरेसा वाटला. युरोपच्या नियमांत युरो ४ कडून युरो ५ कडे जाताना मोटारींच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आली ती उगाच नाही. माझ्या ट्रेलरच्या मागे स्कूटरवर येणाऱ्या माणसाने माझ्या दुरुस्तीचा खर्च त्याच्या फुफ्फुसांतून भरावा, हे कोणत्याच तत्त्वात बसत नाही. डीपीएफ राहिलाच पाहिजे. प्रश्न असा आहे की तो कामाच्या गाडीत, कामाच्या परिस्थितीत चालेल असा बनवला आहे का, आणि नसेल तर त्याचा भुर्दंड कुणी सोसायचा.

इथे ट्रेलर ओढणं आणि रस्ता सोडून चालणं या दोन कामांत फरक करायला हवा. बोलताना आपण दोन्ही एका दमात बोलतो, पण गाडीवर त्यांचा मार उलट दिशांनी पडतो. डीपीएफ म्हणजे सिरॅमिकची जाळी. काजळी तिच्यात अडकते आणि पुरेशी साठली की ती जाळून टाकावी लागते. त्यासाठी ६०० अंशांच्या आसपास तापमान हवं. भार ओढताना धूर मुळातच गरम असतो, त्यामुळे बरीचशी काजळी चालता चालता जळून जाते; डीपीएफच्या दृष्टीने ओढकाम सुखाचं. त्या कामात मार बसतो तो टर्बो, कूलिंग आणि गिअरबॉक्सला. लो गिअरमध्ये तासभर दगडांवरून सरपटत गेलात तर नेमकं उलटं होतं. वेग पायी चालण्याएवढा, धूर थंड, हवेचा झोत नाही, काजळी साठत जाते. मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, जाळणी सुरू करतो. त्यासाठी तो सिलिंडरमध्ये उशिरा, पिस्टन खाली जात असताना, जास्तीचं डिझेल सोडतो, म्हणजे ते बाहेर जाऊन जळेल. त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. जाळणी मध्येच अडली, कारण चालकाने इंजिन बंद केलं, की पुढच्या वेळी पुन्हा तेच. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका. ते डिझेल आहे, आणि पातळ झालेलं ऑइल बेअरिंगवर थर धरत नाही.

गंमत पाहा, म्हणजे खरं तर दुःखच: हायवेवर सलग चालवलं की सगळं ठीक, ही समजूतही नेहमी खरी ठरत नाही. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० या काळात विकल्या गेलेल्या टोयोटाच्या हायलक्स, फॉर्च्युनर आणि प्राडो या डिझेल गाड्यांवर सामूहिक दावा झाला. गाड्या दोन लाख साठ हजारांहून जास्त. तिथल्या फेडरल कोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये निकाल दिला की डीपीएफची व्यवस्था सदोष होती, आणि तो दोष उघडा पडत होता ताशी शंभरच्या आसपास सलग, नियमित चालवण्यात. ज्या वापराला आपण डीपीएफसाठी आदर्श म्हणतो, नेमक्या त्याच वापरात. भरपाई कशी मोजायची यावर पुढे वरपर्यंत अपिलं गेली, पण गाड्यांमधला दोष सिद्धच राहिला. दरम्यान कंपनीने गाडीत हाताने जाळणी सुरू करायचं बटण दिलं. एक साधं बटण. चालकाला समजतंय की आता मोकळा रस्ता आहे, पुढचा अर्धा तास थांबायचं नाही, तेव्हा त्याने ते दाबावं. आधीपासून हे का नव्हतं? माझ्या मते, गाडी कोण चालवतो आणि कशी चालवतो याची कल्पना करणाऱ्याने कामाचा माणूस डोळ्यांसमोर आणलाच नव्हता.

इंधनाच्या बाजूची गोष्ट आणखी नाजूक आहे. जुन्या पंप-नोझलची मेस्त्री लोक मशीनवर लावून दुरुस्ती करत. डिझेलने हवा धरली तर रस्त्याच्या कडेला पाना लावून हवा काढता यायची. कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाने डिझेल पुरवणारी व्यवस्था, १९९७ मध्ये मोटारींत आली तेव्हा दाब १,३५० बारच्या घरात होता, आज तो दोन हजारांच्या पुढे आहे. एवढा दाब धरून ठेवायचा तर इंजेक्टरमधल्या सुई आणि तिच्या घरातली फट एक-दोन-तीन मायक्रॉनची लागते. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनचा धरला तर त्याची वीस-तीस पापुद्र्यांत चिरफाड केल्यावर मिळेल तेवढी. या भागांचं वंगण डिझेलच करतं. त्यात पाणी आलं, किंवा क्षणभर हवा आली, की धातूवर धातू घासतो आणि त्या भुकटीने अख्खी यंत्रणा जाते. बॉश कंपनीचा सीपी४ हा हाय प्रेशर पंप अमेरिकेतल्या मोठ्या डिझेल पिकअपमध्ये बसवला गेला आणि याच कारणासाठी बदनाम झाला. एका उत्पादकाने २०२१ मध्ये आपले दोन लाखांहून जास्त ट्रक परत बोलावले आणि नव्या पंपाच्या जागी आधीच्या पिढीचा, सीपी३ घराण्यातला पंप बसवून दिला. पुढे जाऊन मागे आलेलं हे पाऊल मला फार बोलकं वाटतं. कमी ताकद खाणारा, हलका पंप चाचणीच्या कागदावर सरस होता. मालकाच्या टाकीत जे डिझेल पडतं त्याच्याशी त्याचं जमलं नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आणि मदत संस्थांच्या ताफ्यांत, जिथे डिझेलची खात्री नाही आणि वर्कशॉप शेकडो किलोमीटरवर आहे तिथे, तेच टर्बो नसलेलं १एचझेड इतकी वर्षं का निवडलं गेलं याचं उत्तर यात आहे. त्यांना वेग नको होता. बिघडलं तरी हाताशी असेल त्या माणसाला दुरुस्त करता यावं, एवढंच हवं होतं. टिकाऊपणाची माझीही व्याख्या तिथूनच सुरू होते. जो भाग मोडतो पण दोन तासांत बदलता येतो, तो गाडीला मारत नाही. एका सेन्सरची वायर उंदराने कुरतडली म्हणून ताकद तोडून लिंप मोडमध्ये गेलेली आणि स्कॅनर असलेल्या माणसाची वाट पाहत तीन दिवस उभी असलेली गाडी, इंजिन कितीही धडधाकट असो, त्या तीन दिवसांसाठी मेलेलीच असते.

सांगाड्याबद्दल थोडक्यात. साडेतीन टनी ट्रेलर नीट चालायला त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे ३५० किलो, हुकवर यावा लागतो. हुक मागच्या ॲक्सलच्या सव्वा मीटरहून थोडा मागे असतो. गाडीच्या तीन मीटरच्या व्हीलबेसवर हा तरफेचा हिशेब केला तर मागच्या ॲक्सलवर पाचशे किलो पडतात आणि पुढची चाकं दीडशे किलोने हलकी होतात. त्यात हौद भरलेला, वर टपावर तंबू, आणि मागचं बसू नये म्हणून स्प्रिंगमध्ये हवेच्या पिशव्या घातलेल्या. पिशव्यांमुळे गाडी सरळ दिसते, पण भार चेसिसच्या एका बिंदूवर येतो. खडबडीत रस्त्यावर चेसिस केबिनच्या मागे वाकते ती अशी. शिवाय माहितीपत्रकातले आकडे एकत्र वापरताच येत नाहीत. गाडीचं भरलेलं कमाल वजन ३.२ टन, ट्रेलर ३.५ टन, आणि दोन्ही मिळून परवानगी मात्र ६ टनांची, हे चित्र सर्रास दिसतं. बेरीज ६.७ होते. सातशे किलो कुठून तरी उतरवायलाच हवेत. मोठ्या अक्षरांत ३,५०० छापणाऱ्याने ही वजाबाकी तितक्याच मोठ्या अक्षरांत का छापू नये?

आता या आकड्याची परीक्षा कशी होते ते पाहू, कारण माझी मागणी तिथेच उभी आहे. अमेरिकेत पूर्वी प्रत्येक उत्पादक ओढण्याचा आकडा आपल्या मर्जीने ठरवायचा. मग ऑटोमोबाइल इंजिनिअरांच्या एसएई संस्थेने जे२८०७ नावाचं प्रमाण आणलं आणि हळूहळू सगळ्यांनी ते स्वीकारलं. त्यातली प्रसिद्ध कसोटी अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे. अठरा किलोमीटरचा सलग चढ, बाहेर किमान ३८ अंश, एसी पूर्ण जोरात, मागे पूर्ण भार, आणि साध्या पिकअपचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये. कडक परीक्षा आहे, मी तिची कदर करतो. पण ती गाडीने एकदा पार करायची आहे. अठरा किलोमीटर. पाचशेव्यांदा हा चढ चढताना इनटेकमध्ये करंगळी जाईल का, हे ती विचारत नाही.

विचारता येत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. जड ट्रकांच्या धंद्यात बी-टेन आयुष्य हा शब्द रोजचा आहे: दहा टक्के इंजिनांना मोठी दुरुस्ती लागेपर्यंत किती अंतर जातं. ताफ्याचे मालक तो आकडा विचारल्याशिवाय सौदा करत नाहीत. जेसीबी, जनरेटर, बोटीची इंजिनं तासांवर मोजली जातात आणि तासांवर त्यांची सर्व्हिस होते. युरोपच्या २०२४ मध्ये संमत झालेल्या युरो ७ नियमांत धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेने किती काळ मर्यादेत राहिलं पाहिजे याची मुदत वाढवून दोन लाख किलोमीटर किंवा दहा वर्षांपर्यंत नेली आहे. म्हणजे टिकाऊपणा मोजता येतो आणि कायद्यात लिहिता येतो. डीपीएफने दोन लाख किलोमीटर काम केलं पाहिजे असं कायदा सांगू शकतो, तर ज्या गाडीवर साडेतीन टनांचा आकडा लावून पैसे घेतले तिने तेवढ्या भाराखाली अमुक अंतर काम केलं पाहिजे, हेही सांगू शकतो. ठरावीक भार, ठरावीक चढउतार, ठरावीक धूळ, आणि त्यावरून निघालेलं आयुष्य. आकडा छोटा आला तरी चालेल. छोटा का होईना, खरा असू द्या.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येतो: असा नियम झाला तर गाड्या महाग होतील. काही प्रमाणात होतील. पण तो खर्च आजही कुणीतरी भरतोच आहे. वॉरंटी संपल्यावर डीपीएफ, चार इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप एकदम बदलायची वेळ ज्याच्यावर येते तो भरतो, आणि बहुतेक वेळा तो दुसरा किंवा तिसरा मालक असतो, ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे असतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: प्रत्येक मालक गाडी वेगळी वापरतो, कुणी ऑइल बदलत नाही, कुणी मर्यादेपेक्षा जास्त ओढतो, मग उत्पादकाने कशाची हमी द्यायची? हे मला पटतं. म्हणूनच मागणीचा दुसरा अर्धा भाग मालकाकडे वळतो.

गाडीवर किती ताण पडला हे किलोमीटरवरून कळत नाही, जाळलेल्या लिटरवरून कळतं. दीड लाख किलोमीटर चाललेल्या दोन गाड्या घ्या. एक रिकामी फिरली, शंभर किलोमीटरला नऊ लिटर, एकूण साडेतेरा हजार लिटर. दुसरीने ट्रेलर ओढला, शंभरला वीस, एकूण तीस हजार. ओडोमीटर सारखा, आणि दुसरीच्या सिलिंडरांतून दुपटीहून जास्त इंधन, दुपटीहून जास्त उष्णता, दुपटीहून जास्त काजळी गेलेली. युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या डिझेल-पेट्रोल मोटारीला आयुष्यभराचं इंधन आणि अंतर स्वतःच नोंदवून ठेवावं लागतं. ही नोंद तिथे धुराच्या धोरणासाठी आली, पण ती मालकाला डॅशबोर्डवर दिसली तर सर्व्हिसचा सगळा विचार बदलेल. ऑइल अमुक लिटर डिझेलनंतर बदला, असं सांगता येईल. जुनी गाडी घेणाऱ्याला एका आकड्यात कळेल की तो घरातली गाडी घेतोय की राबून आलेली. उत्पादकालाही हमी देताना हाच आधार पुरेल.

गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही, असं जे काही माहितीपुस्तकांत लिहिलेलं असतं, ते त्या दिवशी आपोआप पुसलं जाईल. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला टॉर्क कन्व्हर्टर चढावर घसरत असताना ते तेल किती तापतं हे ज्याने पाहिलं आहे तो असं वाक्य लिहिणार नाही. मी माझं चाळीस हजारांवर बदलतो. काढलेलं तेल दर वेळी काळपट असतं.

दुरुस्तीची माहिती खुली करणं हा याचाच भाग. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२२ पासून कायदा लागू केला की उत्पादकांनी दुरुस्तीची आणि निदानाची माहिती स्वतंत्र वर्कशॉपना रास्त दरात विकलीच पाहिजे. हे सगळीकडे व्हायला हवं. दोष कुठे आहे हे गाडीला ठाऊक असतं, ती ते ईसीयूमध्ये लिहूनही ठेवते. मग ते वाचायची मुभा फक्त एकाच दारात का असावी?

माझ्या गाडीचा मॅनिफोल्ड मेस्त्रींनी रात्रभर रसायनात बुडवून ठेवला, सकाळी ब्रशने साफ केला, इजीआरचा कूलर उघडून धुतला आणि क्रँककेसच्या नळीत तेल पकडणारा डबा बसवला. आता मी त्या चढावर पंचावन्नच्या वर जात नाही. गिअर हाताने खाली घेतो, वर पोचल्यावर दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून टर्बोला निवू देतो. डब्यात महिन्याला दोन-तीन चमचे तपकिरी पाणीदार तेल जमतं, ते ओतून टाकताना दर वेळी वाटतं, हे सगळं आत गेलं असतं. पहिल्या महिन्यातलं काचेच्या बाटलीत भरून मी मेस्त्रींकडे ठेवलंय. ज्यांना ट्रेलर ओढायला गाडी घ्यायची असते ते विचारायला येतात, तेव्हा मेस्त्री ती बाटली आधी त्यांच्या हातात देतात आणि मग बोलायला लागतात.